उत्तरेच्या टोकाशी सुकाणूवर कोण होतं

बेक्वे, १ डिसेंबर १९६८

विल्मट,

आशीर्वाद. आधी कामाचं बोलते, खुशाली शेवटी.

इथे दुरुस्तीला आलेली ‘पेलिकन’ बोट कॅस्ट्रीजला कोणी आणायची, हे तू अजून धड लिहिलेलं नाहीस. ईस्टरला माझ्या स्वयंपाकघरात बसून नीरफणस पुन्हा पुन्हा मागून घेताना तू काय म्हणालास ते विसरला असशील तर आठवण करून देते. मॉन्ट्रियलच्या त्या दातांच्या डॉक्टरला त्याच्या या यॉटवर कायमचा कप्तान हवा आहे. बाई असली तरी त्याची हरकत नाही. फक्त तिने नाताळच्या वाऱ्यात एकदा सेंट व्हिन्सेंट आणि तुमच्या बेटाच्या मधलं पाणी ओलांडून बोट तुझ्याकडे आणून दाखवावी, म्हणजे त्याची खात्री पटेल. तुझ्या या शब्दावर माझ्या आयव्हरिनने शाळेतली नोकरी सोडली. सगळा पावसाळा ती त्या बोटीच्या बुडाखाली उताणी पडून खरवडत होती. शिडंही तिनेच शिवली.

आता तिचा बाप, आपला कप्तान, म्हणतो, मी असताना पोरगी कशाला? बोट मीच नेणार. त्याने दोर मोजायला घेतलेसुद्धा.

विल्मट, तुझ्या मेव्हण्याला दिसत नाही. थोडं कमी दिसतं असं नव्हे, समोरचं दिसतच नाही. कडेकडेचं काय ते दिसतं. गेल्या रविवारी चर्चबाहेर त्याने खांबाला टोपी काढून नमस्कार केला आणि खांब काही बोलेना म्हणून रागावला. कपात चहा ओततो तो करंगळी बुडवून. किंग्जटाउनच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, तिकडची हवा मला सोसत नाही. बंदरावर सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी ब्र काढत नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कप्तानाला ‘आता किनाऱ्यावर या’ असं कोणी सांगायचं नसतं, त्याने आपण होऊन यायचं असतं. हा आपण होऊन येणाऱ्यातला नाही.

तेव्हा तूच लिही. डॉक्टरचा निरोप म्हणून लिही की बोट आयव्हरिन आणेल, कप्तान ती, दुसरं कोणी नाही. नेहमीसारखं गुळमुळीत लिहू नकोस. मी सांगितलं असंही लिहू नकोस.

बाकी सगळे बरे आहेत. काळ्या केकची फळं रममध्ये भिजत घातली आहेत. फिलोमिनला आशीर्वाद सांग.

तुझी,
एल्फ्रेडा

*

कॅस्ट्रीज, ६ डिसेंबर १९६८

प्रिय ताई,

पत्र मिळालं, बोलणीही मिळाली. फिलोमिनने पत्र वाचलं आणि म्हणाली, तुमच्या ताईला मी फक्त दुरून भेटत जाईन.

भावोजींना पत्र टाकलं आहे. डॉक्टरला बोट नाताळच्या आत हवी आहे, तरी तुम्ही आणि आयव्हरिन दोघांनी मिळून ती आणावी, असं लिहिलं आहे. कप्तान कोण ते लिहिलं नाही. लिहायला बसलो होतो, खोटं सांगत नाही, पण हात चालेना. मला सुकाणू धरायला त्यांनी शिकवलं. लग्नात मी घातलेले बूट त्यांचे होते. त्या माणसाला ‘तुम्ही घरी बसा’ असं मी लिहू?

आणि तू समजतेस तितकं हे वाईट नाही. डोळे आयव्हरिनचे, हात भावोजींचे. दोघं मिळून बोट इथे आणतील आणि मी डॉक्टरला सांगेन की पोरीने आणली. त्यांचा मान राहील, तिचं काम होईल. कोणालाच काही कळायला नको.

वारा मात्र यंदा लवकर चढला आहे. मधल्या पाण्यात लाटा उंच आहेत. सेंट व्हिन्सेंटच्या डोंगराला चिकटून वर यावं आणि उत्तरेच्या टोकाआधी शिडं लहान करावीत, टोक ओलांडल्यावर नव्हे. हे मी भावोजींना सांगणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवणं, म्हणून तुला लिहितो. तू काळजी करू नकोस.

तुझा,
विल्मट

*

बेक्वे, १२ डिसेंबर १९६८

विल्मट,

तुझं ‘दोघांनी मिळून’ पोचलं. कप्तानाने ते आयव्हरिनकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाला, बरोबर आहे, हाताखाली पोरगी घेतो. झालं तुझं काम. तू कोणाला दुखवलं नाहीस, आता निवांत झोप.

आज सकाळी गेले. धक्क्यावर बरीच माणसं जमली होती. कप्तान पायऱ्या उतरला तो असा, की नवख्याला वाटावं याच्यासारखी नजर कोणाची नाही. पायऱ्या त्याच्या पायांना पाठ आहेत. नांगर उचलला, शिडं चढली आणि बोट खाडीतून बाहेर पडली ती सरळ रेघेत. शेजारचा टायरेल म्हणाला, बघा वहिनी, उगाच घाबरत होता. मला त्याचा राग आला.

निघण्याआधी आयव्हरिनला बाजूला घेतलं होतं. म्हटलं, जे दिसेल ते तोंडाने बोल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. तू कप्तानाच्या बोटीवर वाढलास, तुला वेगळं काय सांगायचं. सुकाणूवर जो आहे त्याने विचारल्याशिवाय वाऱ्याबद्दल, पाण्याबद्दल, जमिनीबद्दल कोणी एक अक्षर काढायचं नाही. त्याच्या बापाने घातलेला नियम. दहा तोंडं बोलली की बोट खडकावर जाते, असं सासरे म्हणायचे, आणि दहा माणसं असायची तेव्हा ते खरंही असेल. आता माणसं दोन आणि त्यातल्या एकालाच दिसतं. दुसरीतल्या मुलांना दिवसभर बोलतं करणारी ही पोरगी, पण बापाबरोबर बोटीवर पाय ठेवला की तिचे ओठ शिवलेले. मला म्हणाली, “आई, त्यांनी विचारलं तर सांगेनच ना.”

तो कशाला विचारतो आहे?

टपालाची गलबतं काल किंग्जटाउनहून निघालीच नाहीत, वारा उतरायची वाट बघत आहेत. तेही कप्तानाला सांगून पाहिलं. म्हणाला, ते सेंट व्हिन्सेंटचे लोक, त्यांना पायाखाली जमीन लागते.

मी आजवर कधी असं लिहिलं नाही, पण लिहिते. मला भीती वाटते. दोघंही माझी आहेत. पोचले की त्याच क्षणी तार कर.

एल्फ्रेडा

*

कॅस्ट्रीज, १७ डिसेंबर १९६८

प्रिय ताई,

तार मिळून तुझा जीव भांड्यात पडला असेल. दोघं सुखरूप आहेत. भावोजींचा खांदा सुजला आहे, फिलोमिन त्याला गरम पाण्याने शेकते. आयव्हरिनच्या हातांचे तळवे दोराने सोलून निघालेत, चमचा मुठीत धरून जेवते. आठवडाभरात बरं होईल असं डॉक्टर म्हणाला. इथला डॉक्टर, दातांचा नव्हे.

बोटीची मात्र दशा झाली. मोठं शीड वरून खालपर्यंत फाटलं. शिडाचा आडवा वासा मोडून पडला. पितोंच्या दोन सुळक्यांखाली, किनाऱ्याजवळ, नुसत्या पुढच्या लहान शिडावर कशीबशी येऊन नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी मी मोटारबोट घेऊन गेलो आणि ओढून इथे आणली.

झालं ते असं. काल व्हरांड्यात चार शेजारी बसले होते, तिथे भावोजींनी सगळं सांगितलं. डोंगराच्या आडोशाला वारा अगदीच पडला होता, म्हणून त्यांनी सुकाणू आयव्हरिनच्या हाती दिलं आणि आपण पाव खायला आत गेले. पोरीचं लक्ष नव्हतं. सगळी शिडं ताणलेली तशीच ती उत्तरेच्या टोकाबाहेर आली. पुढचं तुला सांगायला नको. वारा धरणाचं दार उघडावं तसा आला आणि बोट पाण्यावर आडवी झाली. भावोजी वर धावले, वासा त्यांच्या खांद्यावर बसला. तशा खांद्यानिशी त्यांनी बोट पलीकडे नेली.

ताई, तुला वाईट वाटेल, पण लिहायला हवं. डोळे नाहीत म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी सुकाणू तिच्या हाती दिलं, म्हणजे मनातून त्यांनी मान्यच केलं म्हणायचं. आणि तिने नेमकं तिथेच घात केला. मी तिला विचारलं तर म्हणाली, कप्तानाने सांगितलं तसं. आणि शीड धुवायला निघून गेली. एवढ्या मोठ्या चुकीवर माणूस रडतो तरी, हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

दातांच्या डॉक्टरला तारेने कळवलं. तो नव्या वर्षात येतो आहे. मार्टिनिकच्या आनातोल नावाच्या माणसाला कप्तानकीचं विचारून ठेव म्हणाला. आयव्हरिनचं यंदा जमेलसं दिसत नाही. मला तिच्यासाठी वाईट वाटतं.

तुझा,
विल्मट

*

बेक्वे, २३ डिसेंबर १९६८

विल्मट,

तू मूर्ख आहेस. लहानपणापासून होतास, पण मला वाटलं होतं लग्नानंतर सुधारलास.

मी तिथे नव्हते. तरी काय झालं ते तुला इथे बसून सांगते, तू नीट वाच. माझ्या नवऱ्याने उत्तरेच्या टोकाशी कधी कोणाच्या हाती सुकाणू दिलंय? तू त्याच्याबरोबर किती हिवाळे फिरलास. तुला दिलं? त्याच्या सख्ख्या भावाला दिलं? ताप चढून अंग थरथरत होतं तेव्हासुद्धा दिलं नाही, स्वतःला सुकाणूच्या खांबाला बांधून घेतलं होतं, आणि ते बांधणारा तू होतास. दाणापाणी तो खायचा ते त्या टोकाआधी नाही तर पलीकडे पोचल्यावर. आणि ज्या पोरीला ‘हाताखाली’ घेऊन गेला, तिच्या हाती बरोब्बर त्याच जागी सुकाणू देऊन हा पाव खायला गेला. हे तू ऐकलंस, मान डोलावलीस आणि मला लिहून कळवलंस.

सुकाणूवर तोच होता. टोकाबाहेर वाऱ्याने पाणी काळं पडतं ते बघून शिडं लहान करायची असतात. ते काळं पाणी त्याला दिसलं नाही. मागे बसलेल्या माझ्या मुलीला दिसलं असणार, आणि त्याने विचारलं नाही म्हणून ती बोलली नसणार. आणि तळवे कोणाचे सोलले रे? ज्याने बोट पलीकडे नेली त्याचे सोलणार की पाव खाणाऱ्याचे?

मला तिचाही राग येतो. मरायची वेळ आली तरी नियम पाळायचा? पण तिला तसं वाढवणाऱ्यांत मीही होतेच, तेव्हा तिला काय बोलू.

आता तू एक कर. कप्तानाला समोर बसवून विचार. लिहून नव्हे, तोंडाने. तुझ्या हातून झालं नाही तर नव्या वर्षात मी पहिल्या गलबताने येते, आणि मग फिलोमिनला मी जवळून भेटेन.

केक चांगला झाला आहे. खायला घरात कोणी नाही.

एल्फ्रेडा

*

कॅस्ट्रीज, ३० डिसेंबर १९६८

ताई,

तू म्हणतेस ते सगळं खरं निघालं. माझी चूक झाली.

आधी आयव्हरिनकडे गेलो. ती नवं शीड कापत बसली होती. म्हटलं, आईचं पत्र आलंय, ती म्हणते सुकाणूवर तू नव्हतीस. बराच वेळ कात्री चालवत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, “मामा, मला पाणी काळं पडलेलं दिसलं होतं. चांगलं लांबून दिसलं होतं.” बाकीचं एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. वासा लागून भावोजी खाली पडले ते उठेनात. तेव्हा तिने सुकाणू घेतलं, फाटलेलं शीड कापून मोकळं केलं, भावोजींना डोलकाठीला बांधलं आणि त्या लाटांतून बोट एकटीने पलीकडे आणली. पितोंच्या आडोशाला पाणी शांत झालं तेव्हा भावोजी उठून बसले आणि म्हणाले, आता दे इकडे. तिने दिलं. नांगर त्यांनी टाकला.

मग संध्याकाळी भावोजींना विचारलं. तू सांगितलंस तसं, तोंडाने. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, “मी आता किती दिवस आहे? माझ्याजवळ आहे ते नाव, दुसरं काही नाही. ते गेलं तर मी फक्त एक आंधळा म्हातारा. ती तरुण आहे. तिला अजून चाळीस वर्षं आहेत नाव कमवायला.”

ताई, मला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी म्हटलं, भावोजी, डॉक्टर आनातोलला ठेवतो आहे, तिला एक वर्षही मिळणार नाही, इथल्या कुठल्याच यॉटवर मिळणार नाही, तुमची गोष्ट सगळ्या बंदरात फिरली आहे. ते उठून आत गेले, जाताना दाराच्या चौकटीवर आपटले.

मी डॉक्टरला सांगू शकतो, पण मी सांगून काय होणार? कप्तान एक म्हणतो, मामा दुसरं. भाचीसाठी बोलतोय असंच सगळे म्हणतील. त्यांच्या तोंडून आलं तरच ते खरं. डॉक्टर दहा तारखेला आनातोलशी बोलणी करणार आहे. मी त्याला तोवर थोपवून धरलं आहे, एवढंच मला जमलं.

दोघं चार तारखेच्या गलबताने बेक्वेला यायला निघतील. पुढचं तुझ्या हातात.

विल्मट

*

बेक्वे, ६ जानेवारी १९६९

विल्मट,

हे पत्र गलबताच्या कप्तानाच्या हाती देते आहे, तो तुला स्वतः आणून देईल आणि जे सांगेल ते ऐक, कारण तोही तिथे हजर होता. डॉक्टरला आजच गाठ. ‘पेलिकन’ आयव्हरिनने आणली, हे तुझ्या मेव्हण्याने, कॉस्मोर कप्तानाने, बेक्वेच्या धक्क्यावर सगळ्यांदेखत सांगितलं आहे. आनातोलला दुसरी बोट बघू दे.

माझ्या हातात पुढचं काहीच नव्हतं. मी भांडायच्या तयारीने धक्क्यावर गेले होते. मासळी घ्यायचं निमित्त केलं होतं. गलबत लागलं, दोघं उतरली. ती त्याची पिशवी धरून मागे, तो पुढे. बदामाच्या झाडाखाली उलटी घातलेली जुनी होडी आहे, तिच्यावर तो जाऊन बसला. सफरीवरून आलेला कप्तान तिथे बसून सफर सांगतो आणि बरोबरचे गप्प बसतात, हे तू किती वेळा पाहिलं आहेस. बातमी इथे आधीच पोचलेली होती, त्यामुळे एरवी चार माणसं असतात तिथे तीस जमली होती. सगळ्यांना पोरीची चूक ऐकायची होती.

त्याने सुरुवात केली. वारा कुठून होता, इथून निघालो, डोंगराच्या आडोशाला आलो. छान सांगतो तो, तुला माहीत आहे. उत्तरेच्या टोकाशी आला आणि थांबला. मला वाटलं, आता पाव खायला आत जातो. मी टोपली खाली ठेवली, बोलायचंच म्हणून.

तो म्हणाला, “इथून पुढची सफर माझी नाही. आयव्हरिन, इकडे बस. तू सांग.” आणि होडीवर सरकून त्याने तिला जागा दिली.

ती बसेना. उभ्याउभ्याच म्हणाली, कप्तान, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, मी पडलो होतो, मला काय माहीत. मग ती बसली आणि तिने सांगितलं. मोठं काही केलं नाही, शाळेत धडा सांगावा तसं सांगितलं. काळं पाणी दिसलं होतं आणि मी बोलले नाही, हेही सांगितलं. लपवलं नाही. धक्क्यावर कोणी हलत नव्हतं. टायरेलसुद्धा नाही, आणि तो चर्चमध्येही स्वस्थ बसत नाही.

मग कप्तानाने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, “मी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. आता विचारतो. आयव्हरिन, माझ्यासमोर कोण कोण आहे?”

विल्मट, त्याने ते सगळ्यांसमोर विचारलं. घरात मला कधी विचारलं नाही, अंथरुणात विचारलं नाही.

आणि तिने सांगायला सुरुवात केली. डावीकडे टायरेल, त्याच्या शेजारी त्याची बायको. जाळं घेऊन बसलेत ते लिटलटन काका. गलबताचा कप्तान चिरूट ओढतोय. एकेकाचं नाव घेतलं की तो माणूस ‘आहे, कप्तान’ म्हणायचा आणि हा त्या आवाजाकडे तोंड वळवून मान हलवायचा. पुढे पुढे तिने नाव घ्यायच्या आतच माणसं आपण होऊन नावं सांगायला लागली. लिटलटन म्हातारा रडत होता.

शेवटी आयव्हरिन म्हणाली, “आणि आई उभी आहे. रागावलेली दिसते.”

तो म्हणाला, “कधीपासून?”

ती म्हणाली, “मघापासून.”

“तिला म्हणावं, इथे ये, माझ्याजवळ बस. आणि मग मला घरी ने म्हणावं.”

मी जाऊन बसले. हात धरला. टोपलीतली मासळी मांजरांनी खाल्ली, खाऊ देत.

एल्फ्रेडा